कडेला जागा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. सुरुवातीला नोकरीचं निमित्त होतं, मग पत्नीच्या आजारपणाचं. ती गेल्यावर कुठलंच निमित्त उरलं नाही, टाळण्याची सवय मात्र उरली. जव्हारच्या माझ्या घरी कोणी आलं आणि खाणीचा विषय निघाला की मी दोन-चार ठरलेले किस्से सांगायचो. त्यांत मुकादम असायचाच, कारण त्याच्यावाचून त्या खाणीचा किस्सा होत नाही. लोक हसायचे, मीही हसायचो, आणि गोष्टीत जिथे माझी पाळी यायची तिथे चहा टाकायला उठायचो.

आयुष्यभर मी खाणींवर नोकरी केली. शेवटची काही वर्षं मोखाड्याच्या अलीकडे एका काळ्या दगडाच्या खाणीवर व्यवस्थापक होतो. दगड फोडायचा, त्याची खडी करायची, ती रस्त्याच्या कामांना जायची. आत उतरणाऱ्या माणसांच्या जिवाची जबाबदारी कागदोपत्री माझी होती. प्रत्यक्षात ती मुकादमाची आहे, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं.

तो साखरशेतचा. पावसाळ्यात घरी भात आणि नाचणी, पाऊस सरला की खाणीवर. साठीच्या आसपासचा, काटक, बुटका. त्याच्या बोलीत अहो-जाहो नव्हतंच. मालक आला तरी त्याला 'तू' आणि तपासणीला अधिकारी आला तरी त्यालाही 'तू'. मला म्हणायचा, "साहेब, तू नवा हायस. पहिला महिना नुसता बघ." मी त्याला तुम्ही म्हणत असे. त्यातून काही सिद्ध होत नाही, हे पुढे कळेलच.

कंपनीने दिलेले जाडजूड बूट तो घालत नसे. दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ते गळ्यात अडकवायचा आणि अनवाणी उतरायचा. कानांना जे उशिरा ऐकू येतं ते तळपायांना आधी ऐकू येतं, असं त्याचं म्हणणं. तपासणीची गाडी फाटकावर दिसली की तो खाली बसून बूट पायात चढवायचा, आणि गाडी गेली की पुन्हा गळ्यात. एका अधिकाऱ्याने त्याला विचारलं होतं की तुमचे बूट इतके नवेकोरे कसे. "जपून वापरतो," तो म्हणाला. अधिकाऱ्याने बाकीच्यांना त्याचा आदर्श घ्यायला सांगितलं.

कड्याकडे पाठ करून तो कधी उभा राहिला नाही. जेवतानासुद्धा तोंड कड्याकडे. माझ्या केबिनमध्ये आला तर खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसायचा आणि माझ्याशी बोलताना कड्याशी बोलल्यासारखं बोलायचा. मला आधी तो उद्धटपणा वाटला होता.

रोज सकाळी खाणीच्या तोंडाशी उभा राहून तो कड्याला हजेरी द्यायचा. "बारा मानसं आलीत. बारा परत दे." एवढंच. नमस्कार नाही, नारळ नाही. उधारीवर वस्तू देणाऱ्या दुकानदाराचा असतो तसा आवाज. संध्याकाळी शेवटचं माणूस वर आलं की "बारा मिळाली" म्हणायचा आणि मगच घोटभर पाणी प्यायचा. दिवसभर पाणी न पिणं उन्हाळ्यात धोक्याचं आहे, हे मी त्याला अनेकदा समजावलं. तो ऐकून घ्यायचा.

मग तो पहार घेऊन कड्यापाशी जायचा. पहारीच्या मागच्या टोकाने दगडावर ठोकायचं आणि मान तिरपी करून ऐकायचं. खणखणीत आवाज आला की "निजला हाय". आवाज थोडा बद्द आला की "कूस बदलतो हाय". मग त्या बाजूला त्या दिवशी बायका खडी भरायला जायच्या नाहीत. तिसरा शब्द फार क्वचित ऐकायला मिळायचा. कडा खरोखरच सुटायच्या बेतात असला की तो म्हणायचा, "कडा जागा हाय." हा शब्द ऐकला की माणसं हातातलं काम टाकून वर यायची. माझ्या काळात तो मी तीनदा ऐकला. पहिल्या दोन्ही वेळी संध्याकाळपर्यंत डंपरभर दगड खाली आला होता. तिसऱ्या वेळेसाठीच हे लिहायला बसलो आहे.

*

यंत्र आलं त्या दिवसाची गोष्ट मी पाहुण्यांना नेहमी सांगत असे, कारण त्यात माझं काही बिघडत नाही.

कंपनीने सुरक्षिततेसाठी देखरेखीची यंत्रणा बसवायची ठरवली. दोन तरुण इंजिनियर आले. कड्याच्या माथ्यावर जिथे जिथे भेगा होत्या तिथे त्यांनी भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या, मधे तार ताणली आणि तारेच्या टोकाला एक डबी बसवली. भेग केसभर रुंदावली तरी डबीला कळणार, डबी ते खांबावरच्या पेटीला सांगणार, आणि हालचाल वाढली की खांबावरचा भोंगा आपोआप वाजणार. पेटीला वीज मिळावी म्हणून वर सूर्यावर चालणारी काच. शिवाय प्रत्येक हेल्मेटमध्ये बटणाएवढी चकती. हेल्मेट आत गेलं की फाटकाजवळच्या पाटीवर लाल आकडा एकाने वाढायचा.

इंजिनियरांना वाटलं होतं की हा म्हातारा नाक मुरडणार. मलाही वाटलं होतं. मुकादमाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"ह्याला निज येते का?"

नाही, चोवीस तास जागं असतं, असं त्यांनी सांगितलं.

"मंग आता मना निज येऊ दे," मुकादम म्हणाला.

मला त्याचा अर्थ नंतर लागला. तो खाणीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहायचा आणि कित्येक वर्षं त्याला धड झोप नव्हती. दगडाचा बारीकसा आवाज झाला तरी उठून बसायचा. यंत्र आल्यावर आठवड्याभरात त्याचा चेहराच बदलला. डोळ्यांखालची सूज उतरली. बायका त्याला चिडवायला लागल्या की बाबा आता घोरतो, त्यानं डोंगर हलंल.

त्या यंत्राला तो जावई म्हणायचा. वर छत्री धरून बसतो, काम करताना दिसत नाही, रोज तोंड पुसावं लागतं आणि मनाविरुद्ध झालं की बोंबलतो, म्हणून जावई. रोज सकाळी कड्याची हजेरी झाली की तो माथ्यावर चढायचा आणि खांद्यावरच्या पंच्याने त्या काचेवरची खडीची धूळ पुसायचा. इंजिनियरांनी महिन्यातून एकदा पुसा म्हणून सांगितलं होतं. "जावई महिन्यात एकदा तोंड धुतो व्हय?" असं त्याचं उत्तर होतं.

त्याला अक्षरओळख नव्हती. पण पाटीवरचा लाल आकडा वाचता यावा म्हणून माझ्या केबिनमधल्या कॅलेंडरवरून तो बारापर्यंत आकडे शिकला. बारापुढे शिकला नाही, कारण आत जाणारी माणसं बारा. एका सकाळी तो माझ्याकडे आला.

"जावई अकरा म्हनतो, मी बारा म्हनतो. दोघातला एक येडा हाय."

मी म्हटलं, यंत्र चुकत नाही, तुम्ही पुन्हा मोजा. तो म्हणाला, मोजली. खाली उतरून बघितलं तर खडी भरणाऱ्या एका बाईने हेल्मेट फाटकाबाहेर पाण्याच्या डेऱ्यावर पालथं घालून ठेवलेलं. अंबाड्याला टोचतं म्हणून. मी तिला नियम सांगायला लागलो. मुकादमाने मला हाताने थांबवलं आणि तिला म्हणाला, "बाय, तू जावयाला दिसली नाय तर तो तुला हुडकनार कसा?" त्या दिवसापासून तिने हेल्मेट काढलं नाही. मी वर्षभर नियम सांगत होतो.

ज्याच्या हातातलं काम यंत्र घेईल असं सगळ्यांना वाटत होतं, त्याने यंत्राला घरचं माणूस केलं. आणि ज्याने शहरात शिक्षण घेतलं, यंत्रं कशी चालतात हे ज्याला कळत होतं, त्याला ते नकोसं झालं. तो मी.

*

भोंगा वारंवार वाजायला लागला होता. अवकाळी पाऊस पडला की भेगांत पाणी जाऊन तारा ताणल्या जायच्या. वानरं खुंट्यांवर बसायची. भोंगा वाजला की नियमाप्रमाणे सगळ्यांनी वर यायचं, कडा तपासायचा आणि मगच काम सुरू करायचं. त्यात अर्धा दिवस जायचा. पुढच्या पावसाआधी एका रस्त्याला खडी पुरवायची होती आणि मला रोज फोन येत होते. यंत्र बंद कर असं मला कोणीही सांगितलं नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. वरचे फक्त विचारत होते की उशीर का. उत्तर मी शोधलं.

यंत्रणेची किल्ली माझ्या फोनमध्ये होती. त्यात एक सोय होती: भोंगा आपोआप वाजू द्यायचा, किंवा वाजण्याआधी फोनवर विचारू द्यायचं. मी दुसरं निवडलं. त्यानंतर भेग हलली की माझा फोन थरथरायचा आणि पडद्यावर प्रश्न यायचा: वाजवू का? खाली दोन चौकोन, हो आणि नको. वानरं असतील असं समजून मी 'नको' दाबायचो. आठवड्यात चार-पाचदा तरी दाबलं असेल. भोंगा शांत झाला. काम पुढे सरकलं. मुकादम एकदा म्हणाला, "जावई रुळला वाटतं. बोंबलत नाय आता." मी म्हटलं, हो, रुळला.

त्याला मी सांगितलं नाही. हे त्यातलं सगळ्यांत वाईट. त्या पेटीच्या भरवशावर तो माणूस झोपत होता.

तो दिवस उन्हाचा होता. दुपारची जेवणं झाली होती. रस्त्याच्या ठेकेदाराचा माणूस माझ्या केबिनमध्ये बसून गाड्या कमी का येतात हे विचारत होता. खाली उगवतीच्या कड्यापाशी पोकलेन दगड उचलत होता आणि बाकीची माणसं त्याच्या आसपास. फोन थरथरला. वाजवू का? मी 'नको' दाबलं. थोड्या वेळाने पुन्हा थरथरला. पुन्हा दाबलं. आणि मग टेबलावरच्या वॉकीटॉकीतून मुकादमाचा आवाज आला.

"साहेब, कडा जागा हाय."

वॉकीटॉकीत खरखर होती. तरी शब्द स्पष्ट होते. मी ते आधी दोनदा ऐकलेले होते, त्यांचा अर्थ मला माहीत होता. समोर ठेकेदाराचा माणूस बसलेला. मी म्हटलं, अर्ध्या तासात तिथलं काम उरकेल, तोवर चालू द्या.

त्याने विचारलं, "जावई काय म्हनतो?"

माझ्या हातातल्या फोनवर ते दोन चौकोन अजून दिसत होते.

"काही नाही," मी म्हणालो. "तो गप्प आहे."

आणि मुकादमाने, ज्याने आयुष्यात स्वतःच्या कानावर कधी शंका घेतली नव्हती, त्याने ती घेतली. नंतर त्याने स्वतःच मला सांगितलं की तो पुन्हा कड्याशी गेला, पुन्हा ठोकून बघितलं, कान चोळले. जावई गप्प हाय म्हंजे माझाच कान गेला असंल, असं त्याला वाटलं. पाच-सात मिनिटं तो तिथे उभा राहिला असेल. ती मिनिटं माझी आहेत.

मग खालून आरडाओरडा ऐकू आला. "आग्या उठला! पळा, आग्या उठला!"

आमच्या मावळतीच्या कड्यावर आग्या मोहोळ लागलेलं होतं. आदल्या साली त्या माश्यांनी एका ड्रायव्हरला असं फोडून काढलं होतं की त्याला जव्हारच्या दवाखान्यात चार दिवस ठेवावं लागलं. कडा पडतोय म्हटलं असतं तर कुठला पडतोय, किती पडतोय, साहेब काय म्हणाला, असं विचारत माणसं दोन मिनिटं रेंगाळली असती. आग्या म्हटल्यावर कोणी काही विचारत नाही. बायकांनी पदर डोक्यावरून घेतले, गड्यांनी हेल्मेट फेकून टॉवेल गुंडाळले, पोकलेनवाला इंजिन चालू ठेवून उडी मारून पळाला. मी केबिनच्या दारात आलो तेव्हा सगळे चढणीवर होते, आणि त्यांच्या मागून मुकादम, उलटा चालत, तोंड कड्याकडे ठेवून.

कडा एकदम आला नाही. आधी वाळू सांडावी तसं काहीतरी सांडलं. मग अर्धी भिंत बसली. आवाजाचं मला फारसं आठवत नाही. धूळ आठवते, आणि धूळ विरल्यावर पोकलेनचा नुसता लोखंडी हात वर आलेला आठवतो.

मी पाटीकडे बघितलं. लाल आकडा पाच होता.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी लिहू शकणार नाही. ठेकेदाराचा माणूस खाली बसला. मी पाटीकडे बोट दाखवून काहीतरी ओरडत होतो. मुकादम मात्र पाटीकडे बघतच नव्हता. तो वर आलेल्या माणसांमधून फिरत होता आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होता, बाजारात नारळ मोजावेत तसा.

"साहेब, तो आकडा टोप्यांचा हाय," तो म्हणाला. "टोप्या ऱ्हायल्या खाली. मानसं बारा हायेत."

पळताना पाच जणांनी हेल्मेट फेकली होती. ती दगडांखाली होती आणि यंत्र इमानाने त्यांना मोजत होतं. मुकादमाने कड्याकडे बघून म्हटलं, "बारा मिळाली," आणि भर दुपारी डेऱ्यातलं पाणी प्यायला. तांब्यावर तांबे प्यायला. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो होतो. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. त्या हलकेपणाची मला आजही लाज वाटते, आणि तो आजही हवासा वाटतो.

पोकलेनवाला बिहारचा होता. तो टॉवेलमधून डोळे काढून सगळीकडे बघत होता.

"चाचा, मधुमक्खी किधर है?"

"गेली."

"एक भी नहीं काटी?"

"नव्हतीच," मुकादम म्हणाला. मग हेल्मेट काढून सगळ्यांकडे बघत म्हणाला, "खोटं बोललो रे. माफ करा."

माणसं जी हसत सुटली ती थांबेनात. एक बाई रडत रडत हसत होती. त्याने एक खोटं सांगितलं होतं, त्याने बारा जीव वाचले होते, आणि त्याबद्दल त्याने दहा मिनिटांच्या आत सगळ्यांसमोर माफी मागितली होती. मी तिथेच बसलो होतो. तेव्हा तोंड उघडलं असतं तर सगळं त्या हसण्यात निभावून गेलं असतं.

संध्याकाळी तो माथ्यावर चढला. जावयाच्या पेटीवरची धूळ त्याने पुसली आणि मला म्हणाला, "का नाय बोलला रे ह्यो?" मी म्हटलं, कळलं नसेल त्याला. त्याने पेटीवर हात थोपटला. "पयल्यांदा चुकला," तो म्हणाला. "होतं."

*

पोकलेन गाडला गेला म्हणजे चौकशी आलीच. धोक्याच्या कड्याखाली यंत्र का ठेवलं, हे मला लिहून द्यायचं होतं. दोन दिवस मी कोरा कागद समोर ठेवून बसलो. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. आणि मग मला ते सुचलं. सुचल्यावर इतकं सोपं वाटलं की मी स्वतःच दचकलो.

'कडा जागा हाय' आणि 'कडंला जागा हाय'. मधे एका अक्षराचं अंतर. वॉकीटॉकीत खरखर होतीच.

मी लिहिलं: मुकादमाने कडेला जागा आहे असे कळविल्यावरून पोकलेन तेथेच काम करू दिला. यंत्रणेने कोणताही इशारा दिला नव्हता.

दोन ओळींत मी माणूस आणि यंत्र, दोघांनाही खोटं पाडलं. यंत्राच्या नोंदी माझ्याच फोनमध्ये होत्या आणि माणूस दगावला नसल्यामुळे त्या कोणी मागितल्या नाहीत.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी मुकादमाला माझ्यासमोर बसवलं. खुर्ची दाराकडे तोंड करून होती. त्याने ती फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसला. अधिकाऱ्यांनी माझं म्हणणं वाचून दाखवलं आणि विचारलं की तुम्ही असं बोललात का. त्याने पहिल्यांदाच कड्यावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. दगडावर ठोकल्यावर मान तिरपी करायचा, तशी मान करून. मला वाटलं की आता हा 'जागा हाय' म्हणणार.

"साहेब म्हनतो तसं असंल," तो म्हणाला. "माझी बोली वाकडी हाय. साहेबाच्या कानात सरळ गेली नसंल."

कागदावर अंगठा उठला. सूचना देताना निष्काळजीपणा केला म्हणून त्याला मुकादमीवरून काढलं. जाताना त्याने हेल्मेट परत केलं आणि गळ्यातले बूट काढून माझ्या टेबलावर ठेवले. नाड्या तशाच बांधलेल्या, तळवे कोरे. दारातून त्याने एवढंच विचारलं, "जावयाची काच कोन पुसंल आता?"

मी म्हटलं, बघतो. मी ती एकदाही पुसली नाही.

दगड कळणाऱ्या माणसाकडे स्वतःचं म्हणावं असं एकच असतं, त्याचा शब्द. त्याने निजला म्हटलं की माणसं खाली उतरणार, जागा म्हटलं की वर येणार. तो शब्दच मी मोडला होता. आजूबाजूच्या दुसऱ्या कुठल्या खाणीवर त्याला कोणी मुकादम म्हणून ठेवलं नाही. आणि माणसांना गंमत आवडते. ज्यांना त्याने वाचवलं त्यांनी नाही, पण बाकीच्यांनी त्याचं नावच 'कडंला जागा' पाडलं. बाजाराच्या दिवशी तो मोखाड्यात आला की जीपवाले त्याला मुद्दाम ओरडून सांगायचे, "ये बाबा, बस, कडंला जागा हाय." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. मी त्याच जीपमध्ये पुढच्या सीटवर होतो आणि मागे वळलो नाही.

निवृत्त होऊन जव्हारला राहायला लागल्यावर तर सुटकाच नव्हती. मोखाड्याकडे, विक्रमगडकडे, कुठेही जायचं तर जीप; आणि जीपवाला दुसरं काय म्हणणार. आजोबा या, कडेला जागा आहे. सरका रे, म्हाताऱ्याला कडेला जागा द्या. माझं खोटं या दोन तालुक्यांत रोज शंभर वेळा, अगदी प्रेमाने, मला परत ऐकवलं जात होतं.

मागच्या वर्षी जीपमध्ये एका तरुणाने ती गोष्ट रंगवून सांगितली. म्हातारा मुकादम, बहिरट, साहेबाला म्हणतो जागा आहे आणि वरून डोंगर पडतो. सगळी जीप हसली. मी जव्हारच्या आधीच उतरलो आणि घरापर्यंत चालत आलो. त्याच संध्याकाळी जुना फोन कपाटातून काढून चार्जिंगला लावला.

नोंदी होत्या. प्रश्न, वेळ, आणि माझं 'नको'. सगळे 'नको' ओळीने. मी ते कागदावर उतरवून काढले, सोबत माझं म्हणणं लिहिलं आणि कंपनीला व चौकशीच्या कार्यालयाला पाठवलं. काय होईल याची भीती वाटायच्या वयातून मी बाहेर आलो आहे, त्यामुळे याला धाडस म्हणू नये. चार महिन्यांनी उत्तर आलं. मुकादमावरचा ठपका काढला होता. माझ्याबद्दल जे लिहायचं ते त्यांनी लिहिलं होतं आणि ते योग्य होतं. खाणीवरच्या नव्या व्यवस्थापकाने मला वेगळा फोन केला. भोंगा आता कुणालाही विचारत नाही, ती सोयच काढून टाकली आहे, असं त्याने सांगितलं. त्या दिवशी मी दुपारी जेवून आडवा झालो तो संध्याकाळी उठलो. अशी झोप मला किती तरी वर्षांनी लागली.

*

दिवाळीनंतर साखरशेतला गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. तो ओट्यावर बसला होता, समोर नाचणीची कणसं वाळत पडलेली, बाजूला एक म्हातारा शेजारी. घराच्या मागेच डोंगर होता आणि मुकादम त्या डोंगराकडे चक्क पाठ करून बसला होता. असा मी त्याला कधी पाहिला नव्हता.

त्याने मला लांबूनच ओळखलं. शेजाऱ्याला म्हणाला, "ह्यो आमचा साहेब. ह्याच्या खदानीत एक पन मानूस मेला नाय."

मी अंगणातच उभा राहिलो. जीपमध्ये एक वाक्य पाठ करत आलो होतो, ते या वाक्यापुढे तोंडातून निघेना. मी खिशातला कागद काढून त्याच्या हातात दिला. कसला, त्याने विचारलं. तुमच्यावरचा ठपका काढल्याचा, मी म्हटलं. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि छपराच्या वाशात खोचला. गुरुजी वाचून दावतील, म्हणाला. त्या कागदात सगळं आहे, कोणी काय केलं ते. फक्त माफी नाही. तसल्या कागदात तिला रकाना नसतो.

मग त्याने जावयाची चौकशी केली. मी सांगितलं की ठीक आहे, आणि आता भोंगा वाजवायच्या आधी तो कुणाला विचारत नाही.

"बरं झालं," तो म्हणाला. "म्हंजे खालच्या मानसांना निज येत असंल." आणि मग मान तिरपी करून म्हणाला, "आधी विचारायचा का? कुनाला?"

एवढी मोकळी वाट मला कोणी पुन्हा करून देणार नाही. मी तोंड उघडलं. तो माझ्याकडे बघत होता, तसाच, ठोकल्यावर ऐकावं तसा. काय ऐकू आलं त्याला, माहीत नाही. मी अजून एक शब्द बोललो नव्हतो, तोच तो ओट्यावर थोडा सरकला आणि शेजारची जागा त्याने पंच्याने पुसली.

"उभा का साहेब? बस," तो म्हणाला. "कडंला जागा हाय."

शेजारी हसला. मुकादमही हसला. मी बसलो. चहा आला, नाचणीच्या पिकाचं बोलणं निघालं, ऊन कलेपर्यंत आम्ही तिघे डोंगराकडे पाठ करून बसलो, आणि परतीच्या जीपमध्ये ते वाक्य माझ्याकडे तसंच होतं. ते फार मोठं नाही. मुकादम, त्या दिवशी तुम्ही 'कडा जागा हाय' म्हणालात, आणि मला ते तेव्हाच नीट ऐकू आलं होतं. मला माफ करा.